जुन्या जीनचे भरतकाम केलेले ठिगळ: आधी टाके, कात्री सर्वांत शेवटी

प्रश्न: मुलाची जुनी जीन पँट होती. तिचा वाटीएवढा गोल तुकडा कापून त्यावर कपाशीच्या बोंडाचे भरतकाम केले. काम चालू असतानाच कडा उसवू लागल्या, कापड मध्ये गोळा होऊन पापडासारखे वाकडे झाले आणि एकदा धुतल्यावर पांढरा दोरा निळसर पडला. कुठे चुकले? असे ठिगळ गुडघ्यावर लावायचे असेल तर ते टिकेल असे कसे करावे? (एक वाचक भगिनी, चोपडा)

उत्तर: ताई, तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन मुख्यतः एकाच चुकीतून आलेल्या आहेत आणि ती चूक म्हणजे कापड आधी कापणे. मी अमळनेरला गेली चोवीस वर्षे शिवण आणि भरतकामाचे वर्ग घेते. वर्गात येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिल्या ठिगळाला वाटी उपडी ठेवून गोल आखते, कात्री चालवते आणि मग त्या चकतीवर सुई धरते. चकती लहान असल्यामुळे रिंगमध्ये (कापड ताणून धरणाऱ्या गोल कड्यांत) बसत नाही, म्हणून ती हातात धरावी लागते. हातात धरलेल्या कापडावर प्रत्येक टाका गरजेपेक्षा थोडा अधिक ओढला जातो, आणि शंभर टाके थोडे-थोडे अधिक ओढले गेले की कापड मध्यभागी गोळा होते. दरम्यान बोटांच्या घासण्याने कडेचे धागे सुटत राहतात ते वेगळेच. ठिगळाचे काम उलट्या क्रमाने करायचे असते: मोठ्या तुकड्यावर भरतकाम, मग कडेचा बंदोबस्त, आणि कात्री सर्वांत शेवटी.

तिसरी तक्रार रंगाची आहे आणि ती समजण्यासाठी हे कापड कसे बनते ते थोडे पाहावे लागेल. (आपल्या भागात 'जीन' म्हटले की वडीलधाऱ्यांना अजून सरकी काढण्याचा कारखानाच आठवतो, मी पँटच्या जीनविषयी बोलते आहे.) या कापडात उभा धागा निळा आणि आडवा धागा पांढरा असतो. विणताना निळा धागा साधारणपणे तीन पांढऱ्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून जातो, त्यामुळे वरच्या बाजूला निळा रंग आणि तिरप्या रेघा दिसतात, तर उलट बाजू फिकट राहते. निळा रंग नीळ जातीचा असतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करून तिला विरघळणारे रूप द्यावे लागते, त्या हौदात सूत बुडवून वर काढावे लागते, आणि हवा लागली की हिरवट-पिवळे दिसणारे सूत निळे होते. असे अनेकदा केले तरी रंग मुख्यतः सुताच्या बाहेरच्या थरातच राहतो आणि गाभा पांढराच असतो. म्हणूनच जीन गुडघ्यावर आणि खिशाच्या कडेला पांढरी पडते: तेथे रंग विटलेला नसतो, तो घासून गेलेला असतो. आणि हा घासून निघणारा सुटा रंगच तुमच्या पांढऱ्या दोऱ्यावर जाऊन बसला.

यावर मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात कापड भिजवण्याचा उपाय बायका एकमेकींना सांगतात. नीळ त्याने पक्की होत नाही. जे होते ते इतकेच की भिजवण्या-खळबळण्यात थोडा सुटा रंग निघून जातो, आणि ते काम साध्या पाण्यानेही होते. माझ्या हातून हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. एकदा गडद निळ्या, जेमतेम दोनदा धुतलेल्या पँटच्या कापडावर मी बारा ठिगळे पांढऱ्या दोऱ्याने भरली, आणि पहिल्या धुण्यात बाराही बोंडे आभाळी रंगाची झाली. देणाऱ्याने पँट जुनी म्हणून दिली होती. ती जुनी होती, पण वापरलेली नव्हती. तेव्हापासून मी कापड हातात आले की आधी पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा ओला करून त्यावर वीस-पंचवीस वेळा जोराने घासते. फडके निळे झाले तर कापड पुन्हा धुवायचे, आणि फडक्यावर फक्त पुसटशी छटा उमटेपर्यंत हे करत राहायचे. इतके करूनही रंग सुटतच राहिला तर त्या कापडावर पांढऱ्याचा हट्ट सोडून हळदी, तांबडा किंवा तपकिरी दोरा घ्यावा. दोऱ्याचीही परीक्षा करावी लागते. चांगल्या कंपनीचा सुती दोरा सहसा रंग सोडत नाही, परंतु बाजारात सुटा मिळणारा चकचकीत तांबडा दोरा फार वेळा दगा देतो; त्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवला की दहा मिनिटांत खरे-खोटे कळते.

आता कापड पँटच्या कोणत्या भागातून घ्यायचे. गुडघा आणि बैठक हे भाग सोडून द्यावेत. ते वरून धड दिसले तरी उजेडासमोर धरल्यावर चाळणीसारखे दिसतात. पोटरीच्या मागचा आणि मांडीच्या मागचा भाग सर्वांत चांगला, कारण तेथे कापड मऊ झालेले असते पण झिजलेले नसते. त्यानंतर तुकडा आडव्या दिशेने ताणून पाहावा. आजकालच्या पुष्कळ पँटमध्ये आडव्या धाग्यात थोडा लवचिक धागा घातलेला असतो. असे कापड रिंगमध्ये ताणले जाते, त्या ताणलेल्या अवस्थेत टाके पडतात आणि रिंग काढताच कापड आक्रसते, मग कितीही इस्त्री केली तरी ते सरळ होत नाही. तुमच्या मुलाची पँट अंगाला चिकटून बसणारी असेल तर गोळा होण्याचे अर्धे कारण तेच असावे. दुसरे कापड नसेल तर मागे मांजरपाटाचा तुकडा कच्च्या टाक्यांनी (लांब, तात्पुरत्या टाक्यांनी) घट्ट बसवून मगच काम करावे. जाडीविषयी एवढेच सांगते की जीनचे वजन चौरस यार्डाला किती औंस असे मोजतात, एक औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. हाताने भरतकाम करायला ८ ते १० औंसांचे कापड सुखाचे असते. १२ औंसांपुढे सुई ओढताना बोटे दुखू लागतात आणि मुलींचा उत्साह पहिल्याच दिवशी संपतो.

ठिगळ ७ सेंटिमीटरचे करायचे असेल तर तुकडा किमान २० सेंटिमीटर लांब-रुंद घ्यावा, म्हणजे तो सहा इंची रिंगमध्ये नीट बसेल. पँटची जाड शिवण तुकड्यात येऊ देऊ नये, कारण ती रिंगमध्ये अडकते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कापड ढिले राहते. उभा धागा कोणता हे खडूने बाणाची खूण करून तेव्हाच लिहून ठेवावे. एकदा गोल कापल्यावर ते चटकन ओळखता येत नाही, आणि ठिगळाचा उभा धागा व पँटचा उभा धागा एका दिशेने नसतील तर धुतल्यावर दोघे वेगवेगळ्या बाजूंना आटतात. मागे जुन्या सुती लुगड्याचा एक थर कच्च्या टाक्यांनी जोडावा. आपल्या घरची गोधडी ज्या कारणाने वर्षानुवर्षे टिकते तेच कारण येथे आहे: दोन झिजलेली कापडे धावदोऱ्याने एकजीव झाली की ताण कोणा एकावर येत नाही. रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर जाड कापड घसरत नाही. रात्री काम ठेवताना मात्र रिंग काढून ठेवावी, नाहीतर तिचा वळ कापडावर कायमचा बसतो.

नक्षी उतरवण्यासाठी निळा कार्बन पेपर येथे निरुपयोगी आहे. पिवळा किंवा पांढरा चालतो, पण जीनच्या खडबडीत पृष्ठभागावर त्याची रेघ तुटक उमटते. मी अजून जुनीच पद्धत वापरते: बटर पेपरवर चित्र काढायचे, सुईने रेघेवर जवळजवळ भोके पाडायची, कागद कापडावर टाचण्यांनी बसवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली झिंक पावडर कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवायची. रॉकेल उडून जाते आणि पांढरे ठिपके राहतात. आता रॉकेल मिळत नाही अशी सर्वांची तक्रार असते. तेव्हा कोरडी खडूची पूड चोळून ते ठिपके लगेच साबणाच्या पातळ कपचीने जोडून घ्यावेत, तेही उत्तम होते.

दोरा नेहमीचा सहा पदरी घ्यावा. त्याचा हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, तुकडा कापून एकेक पदर वरच्या बाजूने वेगळा ओढून काढावा आणि मग तीन पदर पुन्हा एकत्र करावेत. सहा पदरांतून तीन पदर एकदम ओढले तर ते पिळदार राहतात आणि टाका सपाट बसत नाही. साध्या मलमलीवर दोन पदर पुरतात, परंतु जीनच्या तिरप्या रेघांच्या खाचांत दोन पदरांचा टाका बुडून जातो. सुई भरतकामाची ५ नंबरची घ्यावी. भरतकामाच्या सुईत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, हे दुकानात लक्षात ठेवावे, कारण 'मोठी सुई द्या' म्हटले की दुकानदार मोठ्या नंबरची काढून देतो. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे. सुई अडू लागली तर माझी आजी ती केसांतून एकदा फिरवून घेत असे. तेवढ्या तेलाने ती सरळ जाते, पण पांढऱ्या दोऱ्याचे काम असेल तर तसे करू नये, सुकलेल्या साबणात टोचून घ्यावी. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, पांढरे काम दुपारी हातात घेऊच नये. घामाच्या बोटांनी दोरा मळतो तो मळतोच.

तुमचेच बोंड घेऊन क्रम सांगते. उमललेल्या बोंडात कापसाचे चार किंवा पाच कप्पे असतात आणि त्यांच्यामधून वाळलेल्या सालीची टोके चांदणीसारखी बाहेर डोकावतात. बहुतेक जणी नुसता ढगासारखा पांढरा गोळा भरतात आणि मग ते बोंड आहे हे तोंडाने सांगावे लागते. बोंड ओळखू येते ते या तपकिरी टोकांमुळे. म्हणून आधी देठ देठटाक्याने आणि टोके सॅटिन टाक्याने (जागा भरून काढणाऱ्या शेजारी-शेजारी सरळ टाक्यांनी), गडद व फिक्या अशा दोन तपकिरी छटांत भरून घ्यावीत. गडद रंग आधी आणि पांढरा शेवटी ठेवला की पांढऱ्याला हात कमी लागतात. सॅटिनचा कोणताही टाका ६ मिलिमीटरपेक्षा लांब होऊ देऊ नये, कारण लांब टाका कशालाही अडकतो. शिवाय टाक्याची दिशा कापडाच्या तिरप्या रेघांना आडवी असावी. टाके त्या रेघांच्याच दिशेने पडले तर ते खाचेत उतरतात, मधून निळे डोकावते आणि तुम्हाला वाटते की दोरा कमी पडला.

त्यानंतर कापूस. प्रत्येक कप्प्याची बाह्यरेषा साखळी टाक्याने काढावी आणि त्याच साखळीने गोगलगायीच्या शंखासारखे गोल-गोल आत येत कप्पा भरावा. नुसता शुभ्र दोरा घेतला तर पाचही कप्पे मिळून एक सपाट पांढरा डाग दिसतो. दोन पदर पांढरे आणि एक पदर अगदी फिका राखाडी असा मिसळून खालची बाजू भरली आणि वरची बाजू नुसत्या पांढऱ्याने भरली, की कप्पे फुगीर दिसू लागतात. ठिगळ पिशवीवर लावायचे असेल तर प्रत्येक कप्प्याच्या मध्यावर सात-आठ गाठीचे टाके घालावेत; त्याने कापसाचा भुरभुरीतपणा फार सुंदर येतो. गुडघ्यासाठी मात्र गाठी टाळाव्यात, कारण मुलगा एकदा जमिनीवर गुडघे टेकून बसला की त्या पुसल्या जातात. शेजारी फूल काढायचे असेल तर कपाशीचे फूल पहिल्या दिवशी दुधी-पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, म्हणून एकाच फांदीवर दोन्ही रंगांची फुले भरली तरी ती चूक ठरत नाही. उलट शेत पाहिलेल्या माणसाला ती लगेच पटते.

दोरा ओढताना एकच कसोटी ठेवा: टाका कापडाला टेकला की थांबायचे, कापड हलले की तो जास्त ओढला गेला. मागच्या बाजूला गाठ मारू नये. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन बारीक टाके झाकल्या जाणाऱ्या जागेत घालून दोरा तोडावा. गुडघ्यावर ती गाठ कातडीला घासते.

आरसे आणि कवड्या लावाव्यात का, असेही काही जणी विचारतात. बंजारा कामाचा थाट जीनवर उठून दिसतो यात शंका नाही, पण तो पिशवीला किंवा जॅकेटच्या पाठीला शोभतो. गुडघ्यावर किंवा मशीनमध्ये धुतल्या जाणाऱ्या कपड्यावर काच लावू नये. तांड्यावरच्या जुन्या ओढणीचा किंवा चोळीचा भरलेला तुकडा कापून जीनवर जोडण्याची जी टूम निघाली आहे ती मला मुळीच पसंत नाही. ते काम पाहावे, टाका शिकून घ्यावा आणि आपल्या हाताने करावा.

आता कड, जिच्यावर ठिगळाचे आयुष्य अवलंबून असते. भरतकाम पूर्ण झाल्यावर नक्षीपासून साधारण एक सेंटिमीटर अंतरावर गोल आखावा आणि त्या रेघेच्या आतल्या बाजूने बारीक उलट्या टिपेच्या (प्रत्येक टाका मागे वळवून आधीच्या टाक्याला भिडवायचा) दोन ओळी, एकमेकींपासून ३ मिलिमीटर अंतरावर, हाताने किंवा मशीनवर घालाव्यात. हे होईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. नंतर लहान धारदार कात्रीने बाहेरच्या टिपेपासून २ मिलिमीटर सोडून कापावे आणि काजाच्या टाक्याने (बटणाच्या काजाला घालतात तसा, कडेवर दोरा अडकवत जाणारा) सर्व कड बांधावी. टाक्याची खोली ६ मिलिमीटर, म्हणजे तो दोन्ही टिपा ओलांडून आत पोहोचेल, आणि टाके इतके जवळ की मध्ये निळे दिसू नये. येथे तीनऐवजी चार पदर घ्यावेत. तुमच्या ठिगळाची कड उसवली ती टाका वाईट होता म्हणून नव्हे. जीनचे सूत जाड आणि घसरते असते, त्यामुळे कडेलगतच्या दोन-तीन धाग्यांत अडकलेला टाका त्या धाग्यांसह बाहेर निघून येतो. आतल्या टिपा त्याला धरून ठेवतात.

कड दुमडण्याची पद्धत पातळ कापडापुरतीच ठीक आहे. जाड जीन दुमडली की गोल आकाराला चुण्या पडतात. झालर सोडायची असेल तर ठिगळ चौकोनी आणि धाग्याला सरळ असले पाहिजे, कारण गोल ठिगळाची झालर सगळीकडे सारखी येत नाही.

गुडघ्यावर लावताना आधी मूळ भोकाच्या कडा रफू करून स्थिर कराव्यात. ठिगळाखाली भोक तसेच ठेवले तर ते आतल्या आत वाढत राहते आणि एक दिवस ठिगळासह गुडघा बाहेर येतो. ठिगळ भोकाच्या सर्व बाजूंनी किमान २ सेंटिमीटर मोठे असावे, आणि ते दोन सेंटिमीटर धड कापडावर पडले पाहिजेत. झिजलेल्या कापडावर टाका घातला तर भोक ठिगळाच्या कडेला सरकते इतकेच. पँट घालून, गुडघा वाकवून टाचण्या लावाव्यात. मग पायात जाड कागदाची गुंडाळी किंवा एखादा गोल डबा घालावा, म्हणजे पुढचे व मागचे कापड एकत्र शिवले जाणार नाही. माझ्या वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी पँटचा पाय बंद करून शिवतेच. भरतकामाचा दोरा जोडकामाला वापरू नये. मजबूत शिलाईचा दोरा दुहेरी घेऊन त्यावर मेण फिरवावे आणि काजाच्या टाक्यांच्या पायथ्याशी, उलट्या टिपेने, बारीक टाके घालत जावे. त्यानंतर नक्षीच्या मोकळ्या जागेतून ठिगळ व पँट यांना जोडणाऱ्या धावदोऱ्याच्या दोन-तीन ओळी घातल्या तर ठिगळ गुडघ्याबरोबर वाकते, फुगून उभे राहत नाही.

इस्त्रीने चिकटणारी जाळी पिशवीसाठी नुसती जागा पक्की करायला चालेल. जीनचे जड ठिगळ तिच्या भरवशावर टिकत नाही. इस्त्री नेहमी जाड टॉवेलवर ठिगळ पालथे ठेवून मागून करावी, म्हणजे टाके दबत नाहीत. धुताना कपडा उलटा करावा, थंड पाणी वापरावे, ब्रश लावू नये आणि सावलीत वाळवावा. आपल्याकडच्या उन्हात दोरी भरून कपडे तासाभरात वाळतात हे खरे, पण त्याच उन्हात दोऱ्याचे रंगही उडतात.

तुम्ही केलेले पहिले ठिगळ टाकून देऊ नका. निळसर पडलेला पांढरा दोरा पुन्हा शुभ्र होईल असे मी सांगणार नाही, आणि त्यासाठी ब्लीच वापरले तर कापडाची नीळ डागाळेल. परंतु वाकडेपणा पुष्कळसा जातो. कडेचे सुटलेले टाके उसवून घ्या, ठिगळ थंड पाण्यात अर्धा तास भिजवा, पाटावर टॉवेल अंथरून त्यावर ते पालथे ठेवा, चारही बाजूंनी ओढत दर सेंटिमीटरला एक टाचणी मारा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. वाळल्यावर ते २० सेंटिमीटरच्या दुसऱ्या, न ताणणाऱ्या जीनच्या तुकड्यावर, त्या तुकड्याची उलटी फिकट बाजू वर ठेवून, कच्च्या टाक्यांनी बसवा, बोंडाभोवती उलट्या टिपेची एक ओळ घाला आणि जुनी उसवलेली कड त्या ओळीपासून ३ मिलिमीटरवर कापून काजाच्या टाक्याने झाकून टाका. फिक्या कापडावर निळसर बोंड मुद्दाम निवडल्यासारखे दिसेल. हे ठिगळ पिशवीला लावा. गुडघ्यासाठी नवे करा.